जावईबापूंचा बूफर

– म्हणजे थोडक्यात काय, काकासाहेब, तुम्हाला वाघ पाहिजे आणि त्यानं कडबा खाल्ला पाहिजे. बराबर समजलो ना मी? गाडीत वाजवायचा बूफर सगळ्यात स्वस्त पाहिजे आणि सगळ्यात मोठ्यानं वाजला पाहिजे. न्हाई, हसून न्हाई राह्यलो, माझं तोंडच तसं है. बसा. तो स्टूल नका घेऊ, त्याचा चौथा पाय नावालाच है – इकडं या, पंख्याखाली. जांबेहून उन्हातान्हात आलात, चहा सांगतो. तर मी काय म्हणत होतो? हां, बूफर. वडीगोद्रीच्या हायवेला दुकान टाकून बसलोय म्हणजे गिऱ्हाईक चालीवरून वळखू येतं. ट्रकवाल्याला टेप पाहिजे, वाजला की खूश. ऊसवाला ट्रॅक्टरला चार भोंगे लावून जातो, अर्धा तालुका उठवतो. पण टोपी घातलेला, कपाळाला बुक्का लावलेला माणूस बूफर मागायला आला, की मी समजतो – हे ह्याचं न्हाई, हे जावयाचं है. हे बघा, मान हलवली तुम्ही. लग्न कधी? येत्या रविवारी? आणि निरोप काय आला – गाडी माझी है, मारुती, पाठवून देतो, आवाज तेवढा तुम्ही बसवून द्या. वा. काय मोठ्या मनाचा माणूस. गाडी स्वतःची असून तुमच्याकडून नुसता आवाज घेऊन राह्यलाय. असा जावई दिवा घेऊन हुडकला तरी सापडायचा न्हाई.

आणि न्हाई बसवला तर? – हळद लावून घेणार न्हाई. असं म्हणाला? स्वतः म्हणाला, का आईकडून म्हणवून घेतलं? आईकडून. तेच, ते आईकडूनच येतं. आमच्या वेळेला काकासाहेब, जावई घड्याळावर रुसायचे. मंग सायकलीवर रुसायला लागले. मंग फटफटीवर. रुसायची जागा तीच, मांडवाच्या तोंडाला, पायात अर्धे बूट घालून. रुसायची वस्तू तेवढी सरकारी योजनेसारखी बदलत जाती. आता बूफर आलाय. उद्या इमानं रुसव्यात घेतील आणि आपण शेतात धावपट्टी करून देऊ. पत्रिका वाटून झाल्या, आचारी ठरला, पुष्पाच्या – पुष्पा म्हणालात ना पोरीचं नाव? – पुष्पाच्या हातावर मेंदी काढायला मावशा येऊन बसल्या, आणि सगळं अडलं कशावर, तर दहा इंची भोंग्यावर. बरं, अडलंय तर सोडवू. दुकान त्याच्यासाठीच टाकलंय.

पण एक सांगा, जालन्याला का न्हाई गेलात? तिकडं काचेची दुकानं हैत, थंड हवा सोडतात अंगावर. – काय? जावईबापूंनीच बजावलं, औरंगाबादला न्या, जालन्याला न्या, वडीगोद्रीला मात्र बिलकुल जाऊ नका, तिथं फसवतात? आणि तुम्ही वडीगोद्रीलाच आलात? – त्यो जिथं जाऊ नका म्हणतो तिथं स्वस्त असंल, असं वाटलं. काकासाहेब, पाय दाखवा तुमचे. मी इतकी वर्षं धंदा करून राह्यलो, पण असलं डोकं माझं पण चाललं नसतं. न्हाई, राग कशाचा? हायवेला अशी दुकानं तीन हैत, दोघं फसवतात, त्या दोघांबद्दल म्हणाला असंल. माझं नाव न्हाई ना घेतलं? न्हाई ना. मंग झालं.

आता कामाचं ऐका. ह्या अॅम्प्लिफायरच्या खोक्यावर काय लिहिलंय बघा – बाराशे वॅट. बाराशे वॅटला, काकासाहेब, घरची पिठाची गिरणी फिरती. मारुतीच्या त्या एवढ्याशा बॅटरीवर गिरणी फिरायला लागली तर मी हे दुकान बंद करून गाडीत दळण दळीन. खोक्यावरचं सगळं खोटं असतं; छापणाऱ्याच्या बापाचं काय जातं. मी तुम्हाला हा बिननावाचा देतो, दिल्लीचा, दिसायला काळा दगड, पण खरं बोलणारा. बूफर एकच घ्यायचा, दहा इंची. दोन बारा इंची मागितलेत? मागू द्या. मारुतीच्या डिकीत दोन बारा इंची म्हणजे एका पाटावर दोन व्याही बसवल्यासारखं, कुणीच नीट बसत न्हाई. आणि अर्धं काम बूफरचं नसतंच, डब्याचं असतं. नुसता बूफर हातात धरून वाजवा, शेळी शिंकल्यासारखा वाजतो. मी धंद्याला लागलो तवा डबा कुणाला माहीत होता? मी कुंभाराकडून रांजण आणायचो, तोंडावर बूफर उपडा बसवायचो, कडेनं कणीक लावायचो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ते रांजण असं घुमायचं की बायका डोक्यावर पदर घ्यायच्या. एकानं त्यातला बूफर काढून पुन्हा पाणी भरलं, आणि म्हणाला पाणी गोड लागून राह्यलं. असो. आता डबा प्लायवूडचा. मुनीरभाई करतो आमचा, दोन दुकानं सोडून, त्याला माप दिलं की संध्याकाळपर्यंत डबा उभा. फटी दिसल्या की भुसा आणि फेविकॉल. आत काय भरायचं? शहरात त्याला कसली कसली इंग्रजी रुई भरतात, वजनावर सोनं दिल्यासारखी. अरे, जालना जिल्ह्यात बसून कापूस विकत घ्यायचा? जिनिंगच्या दारात उडून पडलेला गोळा करा, धुळीसकट भरा. बूफरला काय दमा है? खर्चा इथं वाचतो बघा, इथं, जावयाला दिसत न्हाई तिथं. जावयाला काय दिसतं? जाळी आणि निळा दिवा. निळा दिवा मी माझ्याकडून टाकीन, पुष्पाचा आहेर समजा.

आणि जोडणी – जोडणीत माणूस बरबाद होतो. राजूरचा मच्छिंद्र, काळी-पिवळी जीप चालवतो, चतुर्थीला गणपतीचे पाशिंजर ओढतो. त्याच्या पुढच्या जीपला बूफर होता, पाशिंजर तिकडंच पळायचे – देवाला चाललेत, पण जीप आवाजाची पाहिजे. मच्छिंद्रनं दोन बूफर आणले, स्वतःच्या हातानं जोडले. एकाची लाल तार लालला, दुसऱ्याची लाल काळीला. म्हणजे काय झालं? एक पुढं ढकलून राह्यला, दुसरा मागं ओढून राह्यला. पडदे दोन्ही थरथरतात, हात लावला तर झिणझिण्या येतात, पण आवाज न्हाई. त्यानं काय करावं? कमी पडतंय म्हणून अजून दोन आणले. तेही तसेच. चार बूफर आणि आवाज तमाशातल्या नाच्याच्या खोकल्याएवढा. माझ्याकडं आला रडकुंडीला. मी काय केलं, नुसत्या दोन तारा उलट्या केल्या – जीपची काच तडकली. मी म्हणलो, मच्छिंद्र, दोघं एकमेकाच्या उलट ओढायला लागले ना, की आत सगळं हलत राह्यतं आणि बाहेर चकार ऐकू येत न्हाई. शेजाऱ्याला वाटतं, काय शांत घर है.

– न्हाई, जोडणी मी न्हाई करत. माझे डोळे गेले त्या बारीक कामाला. कारागीर है आत. पडद्यामागं. बोलवत न्हाई, लाजरा है जरा, लोकांपुढं येत न्हाई, आतच बसून तारांना डाख देत राह्यतो. पण तिचा हात असा साफ है – त्याचा. त्याचा हात. काय बघून राह्यलात? पडद्याकडं? तो पडदा मजबूत है म्हणून ठेवलाय, शोभेला न्हाई. हिरव्यावर पिवळी फुलं – आमच्या मंडळीची, दुर्गाबाईची पसंती, मी काय बोलणार. खालचा कोपरा गेलाय ना? उंदरानं न्हाई खाल्ला, मी कापलाय. का, तर बूफर वाजला की मारुतीचा पत्रा नाचतो, डिकीत भांड्याचं कपाट पडल्यासारखं खळखळतं. त्याला रबराच्या पट्ट्या मिळतात, पण त्या महाग आणि उन्हाळ्यात वितळतात. माझी रीत म्हणजे जाड कापडाची घट्ट वळी करायची आणि पत्र्याच्या सांध्यात स्क्रू-पिळ्यानं कोंबायची. जन्मभर हलत न्हाई. त्या दिवशी घाई होती, दुसरं कापड सापडेना, कैची घेतली आणि पडद्याचाच कोपरा उडवला. दुर्गाबाई चार दिवस माझ्याशी बोलली न्हाई. चार दिवस इतकी शांतता, मला वाटलं, तारा उलट्या झाल्या.

चहा घ्या. – बांगड्या? कुठं? रेडिओतून वाजल्या असतील.

बरं, जाऊ द्या. पोरगी है माझी. बेबीनंदा. तुमच्यापासून काय लपवायचं, तुम्ही पण पोरीचेच बाप. माहेरपणाला आलीय. – हो, कधीपासून म्हणजे – दुसरी दिवाळी केली तिनं इथं. लांबलं जरा माहेरपण. आमचे जावई फार मोठे माणूस है, त्यांला न्यायला यायची सवड होऊन राह्यली न्हाई. दिवसभर नुसती बसून काय करती, म्हणून हातात डाखणी दिली. आता माझ्यापेक्षा बराबर करती. लोक विचारतात म्हणून कारागीर सांगतो. लोकांला काय, तोंड उघडायला निमित्त पाहिजे. – दिल्ता हो, मी पण दिल्ता बूफर. दुकानदाराचा जावई, त्याला बिनबूफरचा कसा पाठवणार? चांगल्यातला चांगला बसवून दिल्ता माझ्या हातानं, बेबी उजेडाला बॅटरी धरून उभी होती, हळदीच्या अंगानं. मंग तीन महिन्यांनी म्हणाले, टीव्ही. मंग म्हणाले, गाडीच नवी द्या, बूफर जुन्या गाडीत शोभत न्हाई. बघा म्हणजे बूफरचाच दोष निघाला. मी म्हणलो, माझ्याकडं भोंगे हैत, गाड्या न्हाईत. तर एका सकाळी पोरगी एसटीतून उतरली, हातात पिशवी, म्हणाली बाबा, चहा ठेवू का. एवढंच म्हणाली. आजपर्यंत एवढंच म्हणाली. जाऊ द्या. तुमच्या शुभकार्यात माझं कुठं काढून राह्यलो. सगळे जावई तसेच असतात असं न्हाई. काही काही त्याच्यापेक्षा हुशार असतात.

चौकशी तर केली असंल तुम्ही? – मधल्या मामानं केली. मामानं. काकासाहेब, तुम्ही बाजारात बैल घेताना दात बघता, शेपटी ओढता, मधला मामा काय म्हणतो ते विचारता का? माझ्या अॅम्प्लिफायरला तुम्ही तीनदा उलटा करून बघितला मघाशी, तुमचं चुकलं न्हाई, माल बघूनच घ्यावा. – काय करतात जावईबापू? बियाण्याच्या कंपनीत? जालन्याला?

न्हाई. काही न्हाई. आमचे पण बियाण्याच्याच कंपनीत हैत. जालन्यात बियाण्याच्या कंपन्या पायलीला पन्नास हैत. आणि पहिलंच लग्न, चांगलं झालं. पहिलंच म्हणालात ना?

चला, चहा झाला, आता डिकी दाखवा. माप घेऊ, मुनीरभाईला जल्दी सांगावं लागंल. गाडी आपण चालवत आणलीत? ट्रॅक्टरची सवय दिसून राह्यली, रस्ता सोडून नांगरटीला उभी केलीय तुम्ही. रंग झकास है. मेंदी. नवाच मारलेला है – दाराच्या खाचेत बघा ना, खालची पांढरी डोकावून राह्यली. पांढरी होती म्हणजे. असंल, निम्म्या जिल्ह्याच्या मारुत्या पांढऱ्याच. वर करा झाकण. धरा तसंच, ह्याला टेकू न्हाई राह्यलेला. आता आडवं माप – वीत, दोन वीत – हे काय? आधीच भोकं हैत. चारी कोपऱ्यांना. डबा होता की इथं एक. काढलेला दिसतो, विकून खाल्ला असंल. तुम्हाला सांगितलं न्हाई जावईबापूंनी? न्हाईच सांगणार, रोज नवा सासरा असंल तर जुना डबा कशाला ठेवतील – गंमत केली हो, मनावर घेऊ नका. पण काम बरं है हां, कुणाचं का असंना. दुश्मनाचं पण चांगलं काम असलं तर चांगलं म्हणावं. स्क्रू तिरपे मारलेत, म्हणजे खड्ड्यात डबा उखडत न्हाई. आणि तार बघा, डाव्या अंगानं आणलीय, पेट्रोलच्या नळीपासून लांब. शहरातले इतकं लांबून न्हाई आणत, त्यांची तार जाती जास्ती. असं आणणारे – असं आणणारे फार न्हाईत.

थांबा जरा. झाकण पक्कं धरा. ह्या सांध्यात काहीतरी कोंबलेलं है. निघत न्हाई. घट्ट बसलंय. – निघालं.

…

काकासाहेब, जावयाचं नाव काय म्हणालात?

तुम्ही म्हणालाच न्हाई, खरं है. मघापासून मीच एकटा बोलून राह्यलो. आता सांगा.

देवानंद.

बरं. चला आत. न्हाई, डिकी राहू द्या उघडी, कोण काय चोरणार है त्यातलं, चोरायचं ते चोरून झालंय. या, पायरी सांभाळा. हे कापड घ्या हातात. झटका, धूळ है, कापसाचे तंतू पण हैत, ते आमच्याच जिनिंगचे. उलगडा वळी. हिरवं दिसतं? फूल दिसतं? अर्धंच है, हो, अर्धं. आता तो पडद्याचा कोपरा हातात घ्या. तुम्ही घ्या, मी न्हाई घेणार. उद्या म्हणाल, दुकानदारानं हातचलाखी केली, माल खपवायला दुकानदार काय काय करतात. लावा एकाला एक. अजून जवळ. अर्धं फूल इकडं, अर्धं फूल तिकडं.

बसलं ना.

बोलू नका. ही वळी मी आमच्या देवानंदरावांच्या डिकीत कोंबली होती, ह्याच हातानं. बेबे, ये बाई बाहेर. ये. काकांला पाणी दे गार. न्हाई, ह्यांच्यापुढं यायला हरकत न्हाई. – घ्या. तिच्याकडं बघा एकदा नीट. गळ्यात बघा. ते अजून तिथंच है. ना कोर्टाचा कागद झालाय, ना चार माणसांची बैठक झालीय, मी फक्त म्हणत राह्यलो, आज येईल न्यायला, उद्या येईल. पडद्यामागं बसवली मी तिला, कारागीर म्हणून. आणि तो तिकडं पहिलंच लग्न करून राह्यलाय. पहिलंच. दर वेळेला पहिलंच.

रडू नका, काकासाहेब. तुमचं काय गेलंय? आचाऱ्याचा विसार जाईल, पत्रिकांचा कागद जाईल, भावकी दोन महिने तोंड वाजवील. वाजवू द्या, भावकीच्या तोंडाला बॅटरी लागत न्हाई. मी तुमच्या चिकटपणाला मघाशी हसलो, आता हात जोडतो. त्यानं बजावून सांगितलं इथं जाऊ नका, आणि तुम्ही चार पैसे वाचतील म्हणून नेमके आलात. औरंगाबादला गेला असतात तर निळा दिवा लागला असता डिकीत, आणि पुष्पा – ती पण कुणाच्या तरी पडद्यामागं बसली असती दुसऱ्या दिवाळीला. स्वस्तात पडलं तुम्हाला. लई स्वस्तात पडलं.

घरी जा. पहिलं पोरीला सांगा, बायकोला मागून, मामाला सगळ्यात शेवटी. तो मामा शिव्या देईल, तुम्ही टोपी काढून बसा आणि हे कापड दाखवा. न्या ते, न्या. मला काय करायचंय, माझ्याकडं उरलेला पडदा है. चावी तेवढी ठेवा इथं टेबलावर. गाडी कुठं जात न्हाई. आणि जालन्याला निरोप धाडा – जावईबापूंना म्हणावं, डबा बसवून तयार है, हळदीच्या आधी स्वतः येऊन वाजवून बघा आणि घेऊन जा. कुठून, ते पण सांगा बरं का. वडीगोद्री. रामकिसनचं दुकान. मी मुनीरभाईला सांगून ठेवतो, चार माणसं बसायला बाकडी लागतील. मघाशी म्हणलो न्हाई का, न्यायला यायची त्यांला सवड होत न्हाई. आता होईल.

पैसे? कशाचे पैसे? अजून काही घेतलंच न्हाई तुम्ही. उठा. फाट्यावर अंबडची एसटी लागली बघा, ती कुणासाठी थांबत न्हाई.

बेबे, तो पडदा ओढू नको. राहू दे तसाच.